पोटासाठी गेले म्हणता, मग टिकले कशासाठी?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा. आवडली नाही तर खाली लिहा, पण शेवटपर्यंत वाचून लिहा.

डिसेंबर आला की आपल्या भागातल्या ग्रुपांवर एक ठरलेला मेसेज फिरायला लागतो. मजकूर दरवर्षी तोच, फक्त फोटो बदलतो. "गव्हासाठी, दुधाच्या पावडरीसाठी, पोरांच्या फीसाठी धर्म बदलतात. चार दिवस जातात, मिळायचं थांबलं की परत येतात." खाली पन्नास अंगठे. यंदा तो मेसेज आपल्या तामलवाडीच्या एका ग्रुपवरही आला. मी वारकरी घरातला माणूस, गळ्यात माळ आहे, आईसाहेबांच्या पायरीचं दर्शन चुकवत नाही. त्यामुळे मला कुणाची वकिली करायची नाही. पण इतिहास वाचायची खोड आहे, आणि इतिहास म्हणजे शेवटी हिशोब. तर म्हटलं, हा हिशोब एकदा मांडूनच बघू. धर्म बदलल्यावर काय मिळालं, काय गेलं, आणि गेल्यावरही माणसं तिथंच का राहिली.

आधी खरं ते कबूल करू. दुष्काळात माणसं मिशनच्या दारात गेली, हे खरं आहे. 1876 ते 78 चा दुष्काळ, नंतर 1896-97 चा, लगेच पाठोपाठ 1899-1900 चा. दक्षिणेतल्या कोरडवाहू पट्ट्याने हे तिन्ही सोसले. अमेरिकन मराठी मिशन 1813 साली मुंबईत आलं, 1831 मध्ये नगरला बसलं, पुढे सोलापुरातही त्याने ठाणं केलं. त्यांच्याकडे धान्य होतं, काम होतं, पोरक्या लेकरांसाठी आश्रम होते. माणसं गेली. त्यातली काही पाऊस पडल्यावर परतली, हेही खरं.

पण यात लाज कुणाला वाटायला पाहिजे? बहात्तरच्या दुष्काळात आपल्याच आजोबा-आज्जींनी खडी फोडली, सुकडी खाल्ली, बाहेरून आलेली लाल मिलो ज्वारी दळून भाकरी केल्या. भुकेल्या माणसाने भाकरीकडे जावं यात पाप कसलं? प्रश्न पुढचा आहे. पाऊस पडला, शेतं हिरवी झाली, धान्य वाटायचं बंद झालं, आणि तरी काही माणसं तिथंच राहिली. ती का राहिली? मेसेज लिहिणारा इथंच थांबतो. आपण इथून सुरू करू.

पहिली गोष्ट आपल्या मराठवाड्यातली. जालन्याजवळ बेथेल नावाची वस्ती आहे. ती वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री. ब्राह्मण घरातले, मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. 1843 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत. जेमतेम अकरा-बारा वर्षांचं पोर. तोही मिशनच्या घरात राहायला गेला. वडील कोर्टात गेले, आणि कोर्टाने मुलगा अज्ञान म्हणून वडिलांच्या ताब्यात दिला. कोर्टाचं बरोबरच होतं असं मला वाटतं. पोर लहान होतं.

खरी गंमत पुढे आहे. श्रीपत घरी आला, पण घरात घ्यायचा कसा? बाटला ना! दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर मधे पडले. प्रायश्चित्त देऊन मुलाला परत जातीत घ्यावं, असं त्यांनी ठरवलं आणि तसं घडवलं. तर मुंबईतले सनातनी पोरावर, बापावर आणि खुद्द जांभेकरांवरच उलटले. म्हणजे जाणाऱ्याला "का गेलास" आणि परतणाऱ्याला "आत येऊ नकोस". एका घरातले दोन भाऊ. एक बाहेर गेला म्हणून तुटला, दुसरा परत आला तरी तुटलेलाच राहिला. "चार दिवसांत परत येतात" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. परतायची वाट आपणच कधी नीट ठेवली नव्हती.

मोठे भाऊ नारायण मागे फिरले नाहीत. 1854 साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. पुढे ते निजामाच्या राज्यात जालन्याच्या बाजूला आले आणि बहुतेक मांग, महार कुटुंबांत काम करायला लागले. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानायचा, त्यांच्या वस्तीत हा जन्माचा ब्राह्मण राहायला गेला. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी जमीन दिली आणि तिच्यावर बेथेल उभं राहिलं. 1873 साली हेच शेषाद्री न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत डोक्याला पागोटं बांधून भाषणाला उभे राहिले होते. धर्म बदलला, पागोटं नाही बदललं. 1891 साली परदेशातून येताना जहाजावरच ते गेले. यात गव्हाचं पोतं कुठं दिसतं का बघा. मला तरी दिसत नाही.

दुसरी गोष्ट पंडिता रमाबाईंची. नाव सगळ्यांना माहीत, आयुष्य फार थोड्यांना. 1858 चा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला, लेकीला संस्कृत शिकवलं म्हणून बोलणी खाल्ली. घरदार गेलं, तीर्थं हिंडत पुराण सांगायचं आणि मिळेल त्यावर जगायचं. दुष्काळात आई, वडील, मोठी बहीण गेली. पुढे भाऊ गेला. बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं, दोन वर्षंही पुरी झाली नाहीत तोवर 1882 मध्ये पटकीने नवरा गेला. मांडीवर लहानगी मनोरमा. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि इकडे महाराष्ट्रात गदारोळ उठला.

आता इथं एक गोष्ट फार कुणी सांगत नाही. रमाबाईंना त्रास फक्त इकडून झाला नाही. ज्या इंग्रज सिस्टरांकडे त्या राहत होत्या, त्यांच्याशीही त्यांची वर्षानुवर्षं पत्रांतून भांडणं चालली. "आम्ही सांगतो ते मान" हे त्यांना मान्य नव्हतं. आपल्या शास्त्र्यांचं आंधळेपणाने ऐकलं नाही, तर पाद्र्यांचं का ऐकू, असा सवाल. म्हणजे इकडचे म्हणत बाटली, तिकडचे म्हणत हट्टी. आणि मनातही सगळं शांत नव्हतं. बाप्तिस्म्यानंतर आठ-एक वर्षांनीसुद्धा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नाही असं वाटत होतं, हे त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवलं. श्रद्धा म्हणजे एका दिवसात लागलेला दिवा नसतो, हे त्यांनी लपवलं नाही.

1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. विधवा मुलींना शिकवायचं, धर्म शिकवायचा नाही, असं ठरलेलं. रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार. पण रमाबाई पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं, काही मुली येऊन बसायच्या. यावरून पुण्यात वाद पेटला. केसरीने झोड उठवली, 1893 मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. दाराचा प्रश्न दोन्ही बाजूंनी विचार करण्यासारखा आहे. लहान मुलींच्या बाबतीत पालकांना काळजी वाटली तर ती चूक म्हणता येत नाही. पण रमाबाईंच्या जागी स्वतःला ठेवून बघा. आई-बाप नाही, नवरा नाही, समाज नाही, आणि आयुष्याचं एकमेव काम डोळ्यांसमोर अर्धं रिकामं होतंय.

माणूस अशा वेळी काय करतो? एकतर माघार घेतो, नाहीतर कडवट होऊन बसतो. रमाबाईंनी तिसरंच केलं. 1896 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि उपाशी मुली-बायका घेऊन आल्या, शेकड्यांनी. पुण्यात प्लेगच्या नियमांमुळे त्यांना ठेवता येईना, मग केडगावच्या शेतावर झोपड्या, तंबू, विहिरी. तेच मुक्ती सदन. थोड्याच वर्षांत तिथली संख्या हजारांच्या पुढे गेली. शेती, विणकाम, छापखाना, आंधळ्यांसाठी ब्रेल, सगळं. लहानपणी स्वतःची माणसं दुष्काळात गमावलेली बाई दुसऱ्याच्या लेकी दुष्काळातून ओढून आणत होती. शेवटची कित्येक वर्षं हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या बायबल साध्या मराठीत आणत बसल्या. 1921 मध्ये एकुलती मनोरमा गेली. तरी काम हातातून सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या, तेव्हा भाषांतर हातावेगळं झालेलं होतं.

तिसरी गोष्ट आपल्याला सगळ्यात जवळची, कारण ती पंढरपुरातून जाते.

नारायण वामन टिळक. कोकणातल्या करजगावचे, कवी, कीर्तन-पुराणात मुरलेले. 1893 साली रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार वाचायला दिला, आणि दोन वर्षं आत घालमेल चालली. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायको लक्ष्मीबाई, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. अकराव्या वर्षी लग्न झालेलं, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. माहेरी वडिलांचं सोवळं इतकं कडक की बाजारची वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. अशा घरातल्या बाईचा नवरा ख्रिस्ती झाला. कुणाला तोंड दाखवायचं? नवरा जिवंत, पण भेटायचं नाही. ती लहान दत्तूला घेऊन नातलगांच्या आधाराने राहिली. त्यातला काळ पंढरपुरात गेला. आपल्या इकडून लोक विठ्ठलाला जातात तेच पंढरपूर. चार-पाच वर्षं हा संसार असा दोन ठिकाणी तुटून होता.

मला या गोष्टीत महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. लक्ष्मीबाई परत टिळकांकडे राहायला गेल्या, तेव्हा त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. हिंदू म्हणूनच गेल्या. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं, सोवळं वेगळं. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. एका छपराखाली दोन धर्म नांदले. मग हळूहळू बाईंच्या मनात प्रश्न आला, की ही जात देवाने केली का माणसाने? आधी जातीचं सोवळं गळालं, दुसऱ्याच्या हातचं पाणी चालायला लागलं. बाप्तिस्मा त्याच्या नंतर, 1900 साली. क्रम बघा. आधी माणूस, मग धर्म.

आणि मिळालं काय? टिळकांचा हात सढळ, हातात पैसा टिकायचा नाही, घरात पोरकी मुलं आणून ठेवायचे. लक्ष्मीबाईंनी ती सगळी वाढवली. बालकवी ठोंबरे हिंदूच, पण नगरला याच घरात लेकरासारखे राहिले. त्यांना कुणी बाटवलं नाही, जेवू घातलं. टिळकांची निराशाही मोठी होती. ख्रिस्ती झालो म्हणजे साहेब झालो नाही, हे त्यांचं ठाम मत. भजन-कीर्तन, अभंग यांतून ते ख्रिस्त सांगत. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते म्हणत. मिशनच्या पगारी चौकटीत त्यांचा जीव गुदमरला. 1917 मध्ये त्यांनी पगारावर पाणी सोडलं आणि साताऱ्यात देवाचा दरबार मांडला. ज्याला लोक पैशासाठी गेला म्हणत होते, त्याने पैसाच सोडला. 9 मे 1919 ला टिळक गेले. त्यांचं ख्रिस्तायन काव्य दहा-एक अध्यायांवर अर्धवट राहिलं होतं. शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी त्यात 64 अध्याय घालून ते पुरं केलं. वर स्मृतिचित्रे लिहिलं. मराठीतलं सगळ्यात प्रांजळ पुस्तक म्हणतात ते हेच. वाचा, त्यात रडगाणं सापडणार नाही. हसत हसत सांगितलेलं दुःख सापडेल.

आता कुणी म्हणेल, ही सगळी बामणांची नावं झाली. खरंय. इतिहास नाव असलेल्यांचाच लिहिला जातो. पण नगर, सोलापूर, जालना या पट्ट्यात ख्रिस्ती समाज उभा राहिला तो महारवाड्या-मांगवाड्यांतून. त्यांची नावं चर्चच्या जुन्या वह्यांत असतील, पुस्तकांत नाहीत. त्यांनी काय कमावलं? अक्षर कमावलं, ही मोठी कमाई. पण गावच्या विहिरीवर धर्म बदलून पाणी मिळालं नाही. विहिरीला जात आधी दिसायची. बलुतं, वतन, भावकी, लग्नाच्या सोयरिकी, सगळ्याला ओरखडे. ब्रिटिश हद्दीत 1850 च्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क तरी राखला होता. पण कायदा कागदावर असतो आणि भावकी दारात.

आणि स्वातंत्र्यानंतर? 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना ठेवला. 1956 मध्ये शीख, 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. यावर विचार करायला 2022 मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. दर्जा द्यावा का नाही, यावर दोन्हीकडे मतं आहेत, आणि ती ऐकली पाहिजेत. पण हिशोबापुरतं एवढं नोंदवा की ज्या पोराचा आजा महारवाड्यातून चर्चमध्ये गेला, तो उघडपणे ख्रिस्ती राहिला की हातातली सवलत जाते. फायद्यासाठी धर्म बदलतात म्हणणाऱ्यांनी हा तोटा कुठल्या रकान्यात लिहायचा ते सांगावं.

तर हिशोब असा झाला. जमेच्या बाजूला अक्षर, थोडा आधार, कधी नोकरी. खर्चाच्या बाजूला आई-बाप, भावकी, गाव, पाणी, सवलत. धंद्याच्या भाषेत हा तोट्याचा व्यवहार. मग माणसं टिकली कशावर?

मला वाचून वाचून जे दिसलं ते सांगतो. विरोध झाल्यावर जो नुसता विरोधकांशी भांडत बसला, तो कडू झाला. जो टिकला, त्याने स्वतः सगळ्यात खचलेला असताना दुसऱ्या कुणासाठी दार उघडलं. शेषाद्रींच्या घरची दारं बंद झाली, त्यांनी बेथेल वसवलं. रमाबाईंच्या मुली काढून नेल्या, त्यांनी दुष्काळातल्या आणल्या. लक्ष्मीबाईंचा संसार मोडला होता, तो जुळल्यावर त्यांनी त्यात दहा पोरकी पोरं वाढवली. श्रद्धेने त्यांना त्रासातून वाचवलं नाही. त्रासात हाताला काम दिलं, एवढंच. आणि ते काम करता करता श्रद्धाही टिकली. खचलेल्या माणसाला "धीर धर" म्हणून धीर येत नाही. त्याच्या हातात कुणाचा तरी हात आला की येतो.

हे आपल्याला कळायला अवघड नाही. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला अनवाणी चालणारी माणसं आपल्या गावावरूनच जातात. पायाला फोड आलेले, अंग मोडून आलेलं. त्यांना आपण विचारतो का, काय मिळतं म्हणून जाता? आपण पाणी देतो, चहा देतो, पायाला तेल देतो. श्रद्धेपोटी सोसणारा माणूस आपण बघताक्षणी ओळखतो. मग तोच माणूस रविवारी चर्चला चालला की आपली नजर का बदलते?

कुणी फसवून, धाक दाखवून, लहान पोरांना फूस लावून धर्म बदलवत असेल तर तक्रार करा, पोलीस आहेत, कोर्ट आहे. त्यात मी तुमच्या बाजूला उभा राहीन. पण सज्ञान माणसाने आपल्या मनाने ठरवलं असेल, तर राज्यघटनेच्या 25 व्या कलमाने तो हक्क त्याला दिलाय. आणि त्याचं पाणी तोडणं, दळण तोडणं, दुकानात माल न देणं, मयताला न जाणं, हा आता नुसता गावचा रिवाज राहिलेला नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. 2016 चा कायदा, जुलै 2017 पासून लागू. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. ग्रुपवर "यांच्याशी व्यवहार बंद करा" असं लिहिणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं.

माझं म्हणणं एवढंच. वाद घाला, जोरात घाला. टिळक आणि त्यांच्या घरच्यांचा वादच होता की. पण पाच वर्षं वाद चालूनही परत एका छपराखाली येता येईल, एवढं दार उघडं ठेवा. लक्ष्मीबाई वेगळी चूल मांडून त्याच घरात राहू शकल्या, कारण त्या घरात वेगळ्या चुलीला जागा होती. आपल्या गावात तेवढी जागा आहे का, हे प्रत्येकाने आपापल्या गल्लीत बघावं.

या नाताळात तो मेसेज पुढे ढकलण्याआधी स्मृतिचित्रे काढून दहा पानं वाचा. जवळच्या वाचनालयात मिळेल. दहा पानांनंतर पुस्तक ठेववणार नाही, ही माझी हमी.

राम कृष्ण हरी.